पंचवीसला आम्ही तुझ्याकडे आहोत

२१ नोव्हेंबर

प्रिय बारके,

आधी कामाचं बोलते, खुशाली नंतर. कुणी विचारलं तर पंचवीस डिसेंबरला आम्ही दोघं तुझ्याकडे आहोत. येणार नाही आहोत, तेव्हा घाबरून घर आवरायला काढू नकोस. फक्त विचारलं तर आहोत. विचारणार कोण, तर आमचीच पोरं, चिऊ नाहीतर दादा.

आता नीट सांगते, नाहीतर तुला वाटेल ताईच्या डोक्याची टीप उसवली.

तुझे भाऊजी जूनमध्ये निवृत्त झाले. चौतीस वर्षं टपालाच्या सॉर्टिंगमध्ये काढली. डिसेंबरात तिथे पार्सलांनी पाय ठेवायला जागा नसायची. चोवीसला डबल ड्यूटी, पंचवीसला दुपारपर्यंत उरलंसुरलं, आणि मग घरी येऊन जे आडवे व्हायचे ते सव्वीसच्या संध्याकाळी उठायचे. म्हणून आमच्या घरी नाताळ सत्तावीसला. झाड, केक, भेटी, सगळं सत्तावीसला. शेजारी झाड उतरवायला लागले की आमचं उभं राहायचं. आणि दर सत्तावीसला ताट पुढ्यात आलं की हे मुलांची माफी मागायचे. "पोरांनो, बापानं यंदाही शिळा नाताळ वाढला बघा." दादा तिशीचा घोडा झाला, त्याचं लग्न झालं, तरी माफी चालूच.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी यांनी दोन्ही मुलांना फोन केले. आपण होऊन! एरवी फोन वाजला की "आईला देतो" एवढंच त्यांचं बोलणं. म्हणाले, "सत्तावीस बंद. यंदापासून पंचवीसला, चारचौघांसारखं." आवाजात रुबाब असा की साहेबच झालेत. मुलं "हो बाबा, हो बाबा" म्हणाली.

नोव्हेंबर आला आणि गोम कळली. दादा लग्न झाल्यापासून पंचवीसला सासरी जातो. तिथे तीसेक माणसांची पंगत असते आणि सूनबाई घरातली थोरली. चिऊ दवाखान्याच्या एक्स-रे विभागात पंचवीसची ड्यूटी दरवर्षी आपणहून मागून घेते, कारण तिच्या सोबतच्या बायकांची पोरं लहान आहेत. तिच्या ड्यूटीच्या याद्या मे महिन्यातच लागल्या होत्या. म्हणजे पंचवीसला दोघंही नाहीत.

मी यांना म्हटलं, मग सत्तावीसच ठेवू या की. तर चेहरा इतका उतरला की मला माझे शब्द गिळावेसे वाटले. म्हणाले, "म्हणजे मी घरी बसूनही पोरांना शिळंच वाढायचं?" मी विषय तिथेच सोडला.

आणि परवा चिऊचा फोन. "मग आई, तुम्ही दोघंच?" म्हणाली, वरच्या बाईंच्या हातापाया पडते, ड्यूटी बदलून घेते. तासाभरानं दादा. तो सूनबाईशी भांडायच्या तयारीत. मी घाबरले ग. माझ्यामुळे त्यांच्या घरात वाद नकोत. तोंडातून निघून गेलं, "अरे, आम्ही कुठे एकटे? आम्ही मावशीकडे चाललोय!" दोघंही एकदम हलकी झाली. चिऊ तर म्हणाली, बरं झालं, बाबा आयुष्यात कुठे जात नाहीत.

तेव्हा सांभाळून घे. यांना यातलं काही माहीत नाही. त्यांना एवढंच ठाऊक की मुलांना जमत नाही. तुला फोन करत नाही, कारण फोन बैठकीत आहे आणि तुझे भाऊजीही आता दिवसभर बैठकीतच असतात.

तुझी,
ताई


२९ नोव्हेंबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, पण पाठ धरली आहे म्हणून उभ्याउभ्याच.

तुझं पत्र कामावर नेऊन वाचलं. मेणात दात बसवता बसवता हसले आणि एक सुळा तिरका लागला. पुन्हा काढून लावला. माझ्याकडे सध्या एकोणीस कवळ्या आहेत. माणसं वर्षभर बिनदातांची हसतील, पण डिसेंबर आला की सगळ्यांना एकदम चावायला हवं असतं. दंतवैद्य फोनवर विचारतात, "बाई, पंचविसाच्या आधी होईल ना?" जसं काही दात मी पिकवते आणि ते वेळेवर पिकत नाहीत.

सांभाळून घेईन, त्यात काय. लहानपणापासून हाच धंदा केलाय. फोडायचं तू आणि "मांजरानं पाडलं" म्हणायचं मी. आई मला विचारायची, आपल्याकडे मांजर कधी आलं? तरी मी माघार घेतली नाही. उलट मांजराचा रंगही सांगितला.

पण ताई, एक विचारू? खोटं बोलायचं कशाला, खरंच या ना. माझ्या दोन खोल्या आहेत. भाऊजींना पलंग, आपण दोघी खाली. पंचवीसला मला सुट्टी असते. दुपारी जेवून मी वाचत पडते, याउपर काही नसतं. बसनं सहा तास लागतात आणि भाऊजींना खिडकीची जागा मिळाली तर ते रस्त्यातल्या सगळ्या टपालपेट्या मोजत येतील.

विचार कर. नाही जमलं तरी खोटं पक्कं आहे, काळजी नको.

तुझी,
बारकी


७ डिसेंबर

प्रिय बारके,

विचार केला, पण नाही ग जमणार. यांनी पंचवीसची केवढी तयारी चालवलीय ती बघितलीस तर तुलाही "चला बसमध्ये" म्हणवणार नाही. नवा पांढरा सदरा आणलाय. बेकरीवाल्याला जाऊन सांगून आले की यंदा आमचा केक चोवीसलाच लागेल. त्यानं विचारलं, "काय साहेब, तारीख बदलली?" तर हे दहा मिनिटं त्याला निवृत्तीची हकीकत सांगत उभे, मागे रांग लागलेली. शेजारच्या चष्मेवाल्यालाही सांगितलं. मुलं नाहीत हे मात्र कुणालाच सांगितलेलं नाही.

आम्ही दोघं एका घरात दिवसभर असे कधी राहिलोच नव्हतो. मला वाटायचं मुलं गेली की घर रिकामं होईल. रिकामं कुठलं! हे आहेत ना. चौतीस वर्षं पत्रं खणात टाकायची सवय. आता घरात पत्रं नाहीत म्हणून बाकी सगळं खणात टाकतात. माझ्या दुकानात येऊन बटणांच्या बरण्या रंगावरून होत्या त्या छिद्रांवरून लावल्या. दोन छिद्रांची इकडे, चार छिद्रांची तिकडे. परवा गिऱ्हाईक समोर उभं, कोटाला एक निळं बटण हवं, आणि मी सगळ्या बरण्या पालथ्या घालतेय. मी ओरडले तर म्हणाले, "सिस्टीम कळायला वेळ लागतो."

आणि हा माझा घाईचा महिना. सगळ्यांना पार्टीचे कपडे पाहिजेत, आणि गेल्या वर्षीच्या कपड्यात यंदाचं पोट मावत नाही. रोज वीस-पंचवीस नग येतात. कुणाची कंबर सैल करायची, कुणाची चेन बदलायची. आयांच्या हातात मुलांचे कपडे असतात, बाह्या लांब करा, दुमड सोडा, किती वाढलाय बघा. मी तोंडात टाचण्या धरून हो हो करते.

तुला म्हणून सांगते. मला मुलांचा राग येतो. चुकत ती काहीच नाहीत हे कळतं, तरी येतो. दादा लहान असताना सासर कुठे होतं त्याला? चिऊला दुसऱ्यांच्या पोरांची काळजी, ती चांगलीच गोष्ट आहे, मीच शिकवली. मग मलाच का झोंबतं? परवा कपडे घालून बघायच्या पडद्यामागे जाऊन पाच मिनिटं रडले. बाहेर आले तर गिऱ्हाईक म्हणालं, बाई, टाचणी टोचली का? मी हो म्हटलं.

काल दोन जादाच्या खुर्च्या हे माळ्यावर ठेवून आले. संध्याकाळी पुन्हा खाली घेऊन आले.

तुझी,
ताई

ता. क. दोघांसाठी अख्खी कोंबडी घ्यावी का अर्धी? यांना अर्धी म्हटलं तर वाईट वाटेल.


१२ डिसेंबर

ती. ताईस,

कोंबडी अख्खी घे. उरली तर सूप कर. रडायचं असेल तर मला लिहीत जा, टाचणीचं निमित्त पुरेसं नाही.

काम फत्ते झालं, ते सांगायला लिहितेय. काल चिऊचा फोन माझ्या वर्कशॉपवर आला. मी मास्क काढून, हात पुसून, अगदी मन लावून खोटं बोलले. आधी म्हणाली, "मावशी, आई-बाबा पंचवीसला तुझ्याकडे ना?" म्हटलं, हो तर, भाऊजींसाठी नवी उशी आणलीय. मग विचारते, "आणि परत कधी जाणार? सत्तावीसला घरी पोचतील ना?" मी मनात म्हटलं, ही काही तरी चाचपणी करतेय, इथे ढिलं पडलं तर सगळं उघडं पडेल. म्हणून ठोकून दिलं, "छे ग, इतक्या लांब येऊन लगेच कशाला जातील? एक तारखेपर्यंत आहेत माझ्याकडे."

तिनं विचारलं, "एक तारखेपर्यंत?" मग "बरं. छान झालं" म्हणाली आणि तब्येतीची काळजी घे वगैरे म्हणून फोन ठेवला. म्हणजे आता एक तारखेपर्यंत तुम्हाला कुणी शोधणार नाही. एवढंच कर, तोपर्यंत घरचा फोन उचलू नका.

कवळ्या अकरा झाल्या, आठ राहिल्या. त्यातल्या एका आजोबांना त्यांच्या जुन्या दातातली फट नव्यातही पाहिजे, म्हणजे नातवंडं ओळखतील. मी फट ठेवली.

तुझी,
बारकी


१६ डिसेंबर

बारके,

अग, काय करून बसलो आपण!

तुझं पत्र मी मशीनवर बसून वाचलं. "सत्तावीसला घरी पोचतील ना" हे वाचलं आणि पाय पेडलवरच थांबला. पोर काही चाचपत नव्हती. ती येणार होती ग. सत्तावीसला येणार होती, नेहमीसारखी. यांनी सत्तावीस बंद केला तरी तिच्या डोक्यातून कसा जाईल? सत्तावीस वर्षांची आहे ती, सत्तावीसच्या सत्तावीस वेळा त्याच दिवशी केक खाल्लाय तिनं. दादाचंही तेच असणार. दोघांनी मिळून ठरवलं असणार. आणि मी दाराला कडी घातली, तू वरून कुलूप लावलंस.

तुझी चूक नाही, तुला मीच सांगितलं होतं. पण आता तूच यातून काढ. चिऊला फोन कर आणि सांग की तुला ताप आलाय, म्हणून ताई-भाऊजी येत नाहीत, घरीच आहेत. साधा ताप सांग, फार मोठा नको, नाहीतर ती औषधं घेऊन तुझ्याकडे पळेल. म्हणजे ती आपोआप इकडे येईल, यांना काही कळणार नाही, आणि मुलांनाही मी खोटं बोलले हे कळणार नाही.

मला फोन करवत नाही. काय सांगू? तुम्हाला अपराधी वाटू नये म्हणून तुमच्याशी खोटं बोलले? आणि यांना काय सांगू? हे रोज सदऱ्याला इस्त्री करतात. एकदा केलेली पुन्हा करतात.

लगेच कर. उलट टपाली कळव.

ताई


१९ डिसेंबर

ती. ताईस,

नाही.

मला ताप आलेला नाही आणि येणारही नाही. एका खोट्यावर दुसरं बसवायचं, मग तिसरं. मेणात ते चालतं, पुसून पुन्हा लावता येतं. पण एकदा प्लास्टर ओतलं की जसं आहे तसंच बाहेर येतं. मी बावन्न वर्षांची आहे, ताई. मांजराचा रंग सांगायचं वय गेलं.

आणि आता मी हे खोटं बोलूच शकत नाही, कारण काल चिऊचं पत्र आलं. तिनं तुला सांगू नकोस असं बजावलंय. मी तिचंही ऐकणार नाही. सगळे एकमेकांची मनं जपत बसले तर या घरात कुणी कुणाला भेटायचंच नाही. मूळ पत्र सोबत पाठवतेय. वाच आणि भाऊजींनाही वाचून दाखव. गाळून वाचू नकोस.

आणखी एक. तू "येणार नाही आहोत" असं स्पष्ट लिहिलं होतंस, तरी मी एक गादी विकत आणली. उशीचं मी चिऊला सांगितलं ते खोटं नव्हतं. हे तुला टोचावं म्हणून नाही लिहीत. खोटं म्हणून का होईना, कुणी माझ्याकडे येणार आहे असं चार जणांना सांगायला मला बरं वाटलं. यापुढे माझं घर वापरायचं तर येऊन वापरा.

बारकी

(सोबतचं पत्र)

१४ डिसेंबर

प्रिय मावशी,

फोनवर नीट बोलता आलं नाही, मागे पेशंट थांबले होते. आई-बाबा तुझ्याकडे एक तारखेपर्यंत राहणार हे ऐकून आधी हिरमुसले, मग बरं वाटलं. हिरमुसले का, ते सांगते. पण त्यांना सांगू नकोस, नाहीतर पहिल्या बसनं परत पळत येतील.

दादानं आणि मी ठरवलं होतं की सत्तावीसला न सांगता घरी जाऊन उभं राहायचं. मी रजा घेतली होती. दादा-वहिनींनी सव्वीसच्या गाडीची तिकिटं काढली होती. काल त्यानं ती परत केली. म्हणाला, जाऊ दे, पहिल्यांदा कुठे तरी चाललेत, आपण मध्ये नको. मीही माझी रजा दुसऱ्या मुलीला देऊन टाकली.

मावशी, आम्हाला सत्तावीसच बरा होता ग. दादाचं सासर पंचवीसचं आणि माझी ड्यूटी पंचवीसची, ही भानगड कधी झालीच नाही, कारण आपला दिवस दुसऱ्या कुणाला नकोच होता. सत्तावीसला आम्हाला कुणी मागायला येत नसे. पण जूनमध्ये बाबांचा फोन आला तेव्हा ते इतके खूष होते की नाही म्हणवेना. दादा म्हणाला, चौतीस वर्षांनी माणूस एक दिवस मागतोय. मग आम्ही दोघंही हो म्हणालो आणि फसलो.

बाबा दरवर्षी माफी मागायचे ना, शिळा नाताळ म्हणून, ते मला मुळीच आवडायचं नाही. लहानपणी गल्लीत सव्वीसला सगळ्यांचं संपलेलं असायचं. पोरं खेळणी मोडून कंटाळून बसलेली असायची. आणि आमचं अजून यायचं असायचं. मी आणि दादा एकमेकांकडे बघून हसायचो. आमच्याइतकं श्रीमंत त्या गल्लीत कुणीच नव्हतं. हे बाबांना कधी सांगितलं नाही. ते माफी मागायला लागले की आम्ही ताटाकडे बघत बसायचो.

असो. त्यांना आराम करू दे. बाबांना खिडकीची जागा द्यायला आईला सांग.

तुझी,
चिऊ


३० डिसेंबर

प्रिय बारके,

तुझं पत्र तेवीसला दुपारी आलं. पोस्टमननं यांच्याच हातात दिलं. यांनी सवयीप्रमाणे आधी शिक्का बघितला आणि म्हणाले, "चार दिवस! आमच्या वेळी दोन लागायचे." मग माझ्या हातात दिलं.

मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि उभ्यानं वाचलं, आधी तुझं, मग चिऊचं. खरं सांगू, पहिला विचार असा आला की चिऊचं लपवावं आणि तुझा ताप मीच आणावा. मग तुझं "गाळून वाचू नकोस" पुन्हा वाचलं. बाहेर गेले. हे टेबलाशी बसून दिव्यांच्या माळेचा गुंता सोडवत होते. म्हटलं, ऐका, मी मुलांशी खोटं बोलले आहे. आणि सगळं सांगितलं, पहिल्या फोनपासून ते तुझ्या एक तारखेपर्यंत. मग चिऊचं पत्र मोठ्यानं वाचलं. "श्रीमंत" पर्यंत आले आणि मला पुढे वाचवेना. यांनी हात पुढे करून कागद घेतला आणि राहिलेलं स्वतः वाचलं. मग पहिल्यापासून परत वाचलं.

कागदाची घडी घालून पाकिटात ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं उगाच माफी मागितली." आणि रडले ग. मोठ्यानं नाही, चष्मा काढून, सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत. चौतीस वर्षांत मी त्यांना एकदाच रडताना पाहिलं होतं, त्यांची आई गेली तेव्हा.

त्यानंतर मात्र माझ्यावर रागावले. फार रागावले. "तू मला विचारलं का नाहीस? मी काय काचेचा आहे?" मी म्हटलं, तुमचा चेहरा उतरला होता. तर म्हणाले, "चेहरा उतरला म्हणून माणसाशी बोलायचं बंद करतात का? उतरू द्यायचा." संध्याकाळपर्यंत अबोला. मग उठले, फोनपाशी गेले आणि चिऊचा नंबर स्वतः फिरवला. मी आतून ऐकत होते. म्हणाले, "चिऊ, आम्ही घरीच आहोत. कुठे गेलो नाही, जाणारही नव्हतो. तुझी आई खोटं बोलली आणि मी मूर्खासारखा तारीख बदलून बसलो. सत्तावीसला येतेस का?"

तिची रजा गेलेली होती. तिनं एकतीसची आणि एक तारखेची ड्यूटी स्वतःवर घेतली तेव्हा कुठे एक दिवस मिळाला. दादाला तिकिटं मिळाली नाहीत. सगळ्या गाड्या भरलेल्या, आठ जानेवारीपर्यंत एक जागा नाही. तो माझ्याशी नीट बोललाही नाही. फक्त म्हणाला, "आई, मला वाटलं तुम्हाला आता आम्ही यायलाच नको आहे."

पंचवीस आम्ही दोघांनी केला. यांनी सदरा घातला. नऊला केक कापला, साडेनऊला एकमेकांच्या भेटी उघडल्या. मला बटणांसाठी खणांची पेटी मिळाली, रंग आणि छिद्रं दोन्हीप्रमाणे लावता येईल अशी. मी त्यांना लोकरी मोजे दिले. साडेअकराला जेवण झालं. मग हे खिडकीत उभे राहिले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. म्हणाले, "पंचवीसला लोक दिवसभर करतात तरी काय?" मलाही ठाऊक नव्हतं. मग आम्ही दोघं झोपलो. उठून कोंबडीचं सूप केलं. खोटं सांगत नाही, दिवस वाईट नव्हता. दोघांना पुरेल एवढाच होता.

सत्तावीसला चिऊ सकाळच्या बसनं आली. सलग ड्यूटी करून थेट गाडीत बसली होती. दारात तिचे डोळे मिटत होते. मी तिला आत घेतलं आणि तिथेच उभी राहून म्हटलं, चिऊ, माझं चुकलं. ती म्हणाली, "आई, आधी झोपते, मग भांडू." आणि तिच्या जुन्या खोलीत जाऊन जी झोपली ती दुपारी चार वाजता उठली. एवढा आटापिटा करून मिळालेला दिवस, त्यातले सहा तास पोर झोपेत. मी दोनदा उठवायला निघाले. हे दारात खुर्ची टाकून बसले होते. मला म्हणाले, "मीही असाच झोपायचो. तेव्हा तू उठवलं होतंस का?" बाहेर चष्मेवाल्याची बायको मोठ्यानं बोलत होती तर जाऊन तिलाही गप्प करून आले.

चारला ती उठली, जेवली, भांडलीही. चांगली भांडली. म्हणाली, "आम्हाला अपराधी वाटू नये म्हणून तू खोटं बोललीस, आणि तिकिटं परत केल्यावर दादा दोन दिवस जेवला नाही, ते?" मी ऐकून घेतलं. मग तिनं केकचे दोन तुकडे खाल्ले. रात्री ताटं मांडल्यावर आम्ही तिघं सवयीनं थांबलो, कारण याच वेळी हे माफी मागायचे. यांनी घसा खाकरला. म्हणाले, "वाढा. गरम आहे तोवर खा." चिऊ माझ्याकडे बघायला लागली आणि मी ताटाकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिची बस होती.

आता तुझं. चौदा जानेवारीला आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय, चार दिवस राहणार. हे कुणालाही विचार, खरं आहे. यांनी बसच्या वेळा काढून आणल्या आहेत. गादी आणि उशीबद्दल मला काय वाटलं ते तिथे आल्यावर बोलू, कागदावर मला ते नीट लिहिता येत नाही. इतक्या वर्षांत सत्तावीसला मी तुला एकदाही बोलावलं नाही. तुला कामाची घाई असते असं मीच ठरवून टाकलं होतं.

आज सकाळी दादाचा फोन आला. यांनीच घेतला. आता फोन तेच घेतात. दादा म्हणाला असावा की आठ जानेवारीच्या गाडीची तिकिटं मिळाली, नऊ तारखेला पोचतो. हे म्हणाले, "नऊ तर नऊ. झाड तोपर्यंत उतरवत नाही." मग त्यानं पुढच्या वर्षाचं काढलं, पुढच्या वर्षी पंचवीसला नक्की, सासरी सांगून टाकतो. यांनी त्याला मधेच थांबवलं. "काही सांगू नकोस. पंचवीस त्यांचा आहे, त्यांचाच राहू दे. आमचा सत्तावीस. तोही नाही जमला तर जो जमेल तो. फक्त येणार असाल तर सांगा आणि येणार नसाल तरी सांगा. आमचं मन तुम्ही परस्पर जपायचं नाही आणि तुमचं आम्ही जपायचं नाही. घरातल्या कुणीच नाही."

हे बोलताना ते दादाशी बोलत होते, पण बघत होते माझ्याकडे. मी म्हटलं, "ऐकलं हो." मग त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "आईला देतो." मी घेतला. पलीकडून दादा फक्त "बोल, आई" म्हणाला. मी म्हटलं, "दादा, तू यायला हवा आहेस." एवढं साधं वाक्य, आणि ते मी त्याला आजवर कधी म्हटलंच नव्हतं. तो म्हणाला, "येतोय, आई."

तुझी,
ताई